टाकी मोठी केली तर ठिबकला दाब वाढेल का?

अंबडकर: मोसंबीची 280 झाडं, 6×6 मीटरवर. झाडाला 4 ड्रिपर, 4 लिटरवाले. 3 मीटरच्या स्टँडवर 2000 लिटरची टाकी आहे, लाईट नसताना तिच्यावरच सोडतो. शेवटच्या ओळी कोरड्या राहतात, तिकडं रान मीटरभर चढ आहे. 5000 लिटरची टाकी बसवावी का?

पाणलोट: नाही. दाब लिटरवर ठरत नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. 10 मीटर उंची म्हणजे 1 किलो दाब (दर चौरस सेंटीमीटरला). उंची टाकीच्या बुडापासून नाही, आतल्या पाण्याच्या पातळीपासून धरा. तुमची टाकी भरलेली असताना स्टँडचे 3 अधिक पाण्याचा सव्वा मीटर, म्हणजे 0.42 किलो, रिकामी होत आली की 0.3. त्यातला मीटर-दीड मीटर चाळणी फिल्टर स्वच्छ असतानाही खातो आणि चढाचा एक मीटर वेगळा जातो. ड्रिपरवरचे 4 लिटर 1 किलोला असतात. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाने घटतं, म्हणून 0.2 किलोला 1.8 लिटरच मिळतं आणि 0.1 ला सव्वा. कोरड्या ओळींचं कारण हेच. दाब-नियंत्रित ड्रिपर असतील तर इतक्या कमी दाबाला त्यांचा भरवसाच नको. व्हेंचुरी, म्हणजे पाण्यात खत ओढून घेणारं साधन, तेही खत ओढणार नाही.

अंबडकर: माझ्याकडं गेज नाही हो. मोजायचं कसं?

पाणलोट: शेवटच्या लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळीची) टोपी काढा, तिथं पारदर्शक नळी घट्ट बसवून उभी धरा. पाणी जिथं थांबेल ती जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये मोजा, दहाने भागा, तेवढे किलो. बाकीचे ड्रिपर चालू ठेवूनच मोजा. वाल बंद करून मोजलं तर आकडा छान येतो नि फसवतो.

स्टँडवाला: टाकीचा विचार सोडाच. 5000 लिटर म्हणजे नुसतं पाणीच 5 टन. 2 टनाला बांधलेला स्टँड खाली बसेल.

मोटारदुरुस्ती: लाईट असताना मोटारीवर चालवायचं तर हिशोब असा: ड्रिपर 1120, तासाला 4480 लिटर. ड्रिपरला 10 मीटर, फिल्टर 4, पाईप-वाल 3, चढ 1, वर थोडी सूट. 20 मीटर हेड (मोटारीने द्यायचा एकूण दाब, मीटरमध्ये) धरा. 1 एचपीत बसतं. नुसता एचपी पाहू नका, 20 मीटरला सेकंदाला सव्वा लिटर देते का ते प्लेटवर वाचा. लाईट नसेल त्या वेळी निम्मेच वाल उघडा. फिल्टर-पाईपातला दाब वाचेल, चढाचा मीटर मात्र जाणारच.

अंबडकर: टाकी कॅन्सल. फिल्टरच्या आधी नि नंतर गेज लावतो.

मोटारदुरुस्ती: लावा. दोघांतला फरक 0.5 किलोच्या पुढं गेला की जाळी धुवा.