मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात राहून परदेशी सरकारच्या धमक्या, राज्याचा कुठला कायदा लागतो?

नमस्कार मंडळी, इथे कॅलिफोर्नियातलं कोणी वकील असेल तर प्लीज सांगा. माझी हाँगकाँगची मैत्रीण तिकडच्या लोकशाहीबद्दल उघड बोलते म्हणून तिला धमकीचे फोन येतात, घरासमोर कोणीतरी फोटो काढतं आणि तिकडे तिच्या आईवडिलांना चौकशीला बोलावतात. २०२३ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी परदेशातल्या ८ कार्यकर्त्यांवर प्रत्येकी १० लाख हाँगकाँग डॉलर बक्षीस लावलं होतं, तेव्हापासून ती फार घाबरलीये, मला खूप काळजी वाटते.

एफबीआयकडे तक्रार केलीये, पण रात्री दारात कोणी आलं तर लोकल पोलिसांनाच बोलवावं लागणार ना, आणि त्यांना हा प्रकारच नवा. पोलिसांना याचं ट्रेनिंग द्यायचं बिल, एसबी ५०९, विधिमंडळात पास झालं पण २०२५ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं, फार वाईट वाटलं.

मग आता पीनल कोडचं ४२२ (धमकी) आणि ६४६.९ (स्टॉकिंग) यावरच भागवायचं का? फोन करणारा परदेशात असेल तर ते लागू होतं का? आणि पत्ता गुप्त ठेवायच्या सेफ ॲट होम योजनेत स्टॉकिंगच्या आधारावर तिला घेतील का, कोणी केलंय का हे?