‘धमक’, ‘भोर’, ‘ढाण’: शब्दांच्या शेपट्या

माझी भाची चौथीत आहे. परवा तिच्या निबंधात तीन वाक्यं दिसली. झेंडू खूप पिवळा असतो. ढग खूप काळे होते. चिंच खूप आंबट लागते. यात चूक काहीच नाही. तरी मला राहवेना. म्हटलं, "अगं बाळा, झेंडू पिवळाधमक, ढग काळेकुट्ट आणि चिंच आंबटढाण!" ‘ढाण’ तिला इतका आवडला की रात्री जेवताना ताक, लिंबू, लोणचं, सगळंच ढाण झालं. मग हात धुताना विचारते, "मावशी, पण ढाण म्हणजे काय?"

मला सांगता येईना. म्हणून हा विषय इथे काढते आहे. तुमच्या घरात असे कोणते शब्द आहेत ते लिहा. कोशातला अर्थ लिहिलात तर उत्तमच, पण ते कुठे, कुणाच्या तोंडून ऐकलेत तेही लिहा.

आधी माझं म्हणणं. ही शेपटी म्हणजे ‘खूप’ नव्हे. ‘खूप’ हे नुसतं माप झालं. शेपटी सांगते तो रंग कशाचा आहे, कसा दिसतो आणि बघणाऱ्याला तो आवडला की नाही. अदलाबदल करून बघा. डोळे काळेभोर म्हटलं की कौतुक, काळेकुट्ट म्हटलं की ज्याचे डोळे तो रागावणार. अंधार कधी भोर होत नाही, तो कुट्ट किंवा मिट्टच. म्हैस काळीकुळकुळीत. डाळिंबाचे दाणे लालचुटुक, चिडलेला चेहरा लालबुंद, दुकानातच नको वाटलेली साडी लालभडक. रान हिरवंगार, चोळी हिरवीकंच. चोळी हिरवीगार म्हटलं तर चालेल, पण खणाची ती घट्ट वीण मग दिसत नाही.

‘भोर’ म्हणताना ओठ गोल होतात आणि श्वास लांबतो. ‘कुट्ट’ म्हणताना जीभ वर आपटते आणि दार लागतं. माझी आजी मिरज तालुक्यातली, शाळेत न गेलेली. लहानपणी मी एकदा आमच्या शेताला काळंकुट्ट म्हणाले, तर तिनं तिथल्या तिथे थांबवलं. "रानाला कुट्ट म्हणू नगं बाळ. कुट्ट आभाळ असतंय. रान भोर असतंय." कृष्णाकाठची ती जमीन बघितली की आजही मला ‘भोर’ आधी ऐकू येतो, मग रंग दिसतो.

आता पिवळाधमक. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. पोत्यातून एक हळकुंड काढायचे आणि कानाजवळ धरून मोडायचे. नीट शिजलेलं, पुरतं वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखा आवाज येतो. ओल राहिली असेल तर ते मुकाट वाकतं. आवाज मनासारखा आला की म्हणायचे, "खणखणीत आहे." मग मोडलेल्या तोंडाचा रंग बघायचे आणि एकच शब्द: "धमक." पिवळीधमक असा पूर्ण शब्दसुद्धा नाही. एरवी धमक म्हणजे अंगातली ताकद. रंगात ताकद आहे, असंच मला ते ऐकू यायचं. हळदीचा कस आता प्रयोगशाळेत करक्युमिनच्या, म्हणजे तिच्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याच्या, टक्क्यांवर ठरतो, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वडिलांचा ‘धमक’ ऐकून व्यापारी मान डोलवत, ते मी स्वतः पाहिलंय.

त्याचाच भाऊ पिवळाजर्द. ‘जर्द’ हा फारसी शब्द आणि त्याचा अर्थच पिवळा. म्हणजे आपण पिवळा-पिवळा म्हणतो. गंमत अशी की फारसीत हळदीचं नाव ‘जर्दचूबे’, म्हणजे पिवळी काडी. सांगलीत राहून हे मला पन्नाशीला कळलं याची चुटपुट लागली.

लिहा आता.

कराडहून

ताई, गोडमिट्ट राहिला की! आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणाच्या उजेडात आम्ही पोरं रात्रभर जागायचो. गुळव्या काहिलीतून उलथण्यावर ऊन काकवी काढून द्यायचा. ती ओठाला लागली की ओठ चिकटायचे, बोलता यायचं नाही. मला वाटतं मिट्ट म्हणजे तेच, गोडानं तोंड मिटतं. मिट्ट काळोखातही डोळे उघडे असून मिटल्यासारखे होतात.

माझं उत्तर

दादा, काळोख आणि काकवी मी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. ‘मिट्ट’ खरोखर ‘मिटणे’पासून आला की नाही, हा व्युत्पत्तीचा वाद वेगळा. पण दोन्हीकडे एकच शब्द बसतो, आणि तो म्हणताना ओठ आधी मिटावेच लागतात, हे खरं आहे. म्हणून बघा. ‘गोडमिट्ट’ घाईत म्हणताच येत नाही.

दहिवडीहून

तुम्ही नदीकाठची माणसं, तुम्हाला भोर आणि गार सुचणार. आमच्या माण तालुक्याचा शब्द ‘कोरडाठाक’. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. डोंगरानं ढग अडवले की उरलेलं आमच्या वाट्याला. ओलाचिंब हा शब्द आम्ही घाट चढून गेल्यावर वापरतो. लहानपणी उन्हाळ्यात विहिरीत बादली सोडली की तळाच्या खडकावर ‘ठण्ण’ वाजायची. आई म्हणायची, "झाली ठणठणीत." तेव्हापासून कुणी ‘प्रकृती ठणठणीत आहे’ म्हटलं की मला कसंतरीच होतं. एकच शब्द रिकाम्या विहिरीला आणि धडधाकट माणसाला कसा?

माझं उत्तर

काका, या प्रश्नानं मला दोन दिवस सोडलं नाही. माठ घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेरानं टिचकी मारतो. पक्का भाजलेला, न तडकलेला माठ ठणठण वाजतो, तडा असेल तर आवाज बद्द येतो. आता हा माठ रिकामा असतो म्हणूनच वाजतो. भरलेला माठ असा वाजणार नाही. म्हणजे एकाच टिचकीत दोन बातम्या असतात. आत काही नाही, आणि भांडं साबूत आहे. पहिली बातमी धरली की विहीर ठणठणीत आणि खिसा ठणठणगोपाळ. दुसरी धरली की माणूस ठणठणीत बरा. मला हे उत्तर पटलं. कुणाजवळ याहून चांगलं असेल तर मी माझं मागे घेईन.

वडिलांचं ‘खणखणीत’ही याच घरातलं. हळकुंड खणखणीत, नाणं खणखणीत, गवयाचा आवाज खणखणीत. सगळीकडे परीक्षा कानाची. आणि ‘ठण’पेक्षा ‘खण’ धातूच्या जवळचा, हे कुणी न शिकवता आपल्याला कळतं.

मिरजेहून

कानाची परीक्षा म्हणताय तर आमच्या गल्लीतला शब्द घ्या. जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसून असा उतार देतात की तार तिथे नुसती टेकत नाही, हलकेच घासून गुणगुणते. ती गुणगुण म्हणजे जवारी. वरून तारेखाली सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी साधतात. धागा केसभर हलला तरी आवाज बंद होतो किंवा उघडतो. ‘जवारी लागली’ म्हणतात तेव्हा कारागिराचा चेहरा बघण्यासारखा असतो. ‘ज’ आणि ‘व’ दोन्ही ओढता येणारे, ‘री’ तर श्वास संपेपर्यंत. या शब्दालाच जवारी आहे.

वाईहून

चर्चा छान आहे, पण एक हरकत नोंदवतो. पिवळाजर्द ही द्विरुक्ती आहे. अर्थ कळल्यावर तरी तो शब्द टाळावा. विश्वकोशाच्या गावात राहत असल्यामुळे म्हणा, मला ते खटकतं.

माझं उत्तर

नाही हो, हा शब्द मी सोडणार नाही. मग बाजारहाट सोडावा लागेल. बाजार फारसी, हाट आपला, अर्थ एकच. कागदपत्रही तसंच, धनदौलतही तशीच. शेजारच्या भाषेचा पाहुणा आला की मराठीनं त्याच्याशेजारी घरातला माणूस बसवला. आणि पांढराशुभ्र? शुभ्र म्हणजेही पांढराच की, तो संस्कृतातून आला म्हणून खटकत नाही एवढंच. आमच्याकडे शेतात मिरची तांबडीलाल होते. तांबडा तांब्याचा, लाल बाहेरून आलेला. दोन्ही मिळून जो रंग होतो तो एकट्यानं होत नाही. मिरची वाळत घातलेलं अंगण आठवा आणि मग त्याला नुसतं ‘लाल’ म्हणून बघा.

हरिपूरहून

शेपटीचा नाही, पण आवडता शब्द सांगते. पेव. "अफवांचं पेव फुटलं" असं पेपरात रोज वाचतो, आणि माझ्या सुनेला वाटायचं पेव म्हणजे पूर किंवा फोड. अगं, पेव म्हणजे जमिनीतलं कोठार! इथे संगमाजवळच्या मातीत खोल खणलेली, तोंडाशी निमुळती पेवं आहेत. पोत्यांवर पोती हळद त्यात उतरवायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. पेव फुटलं म्हणजे दडलेलं, साठलेलं एकदम बाहेर आलं. अफवेला हा शब्द कुणी लावला असेल, त्यानं पेव पाहिलेलं असणार.

माझं उत्तर

वहिनी, वडील मला एकदा हरिपूरला घेऊन गेले होते, तेव्हा एक पेव उघडं होतं. मी काठावर ओणवी होऊन आत ‘ओ’ म्हटलं, आणि खालून तो ‘ओ’ जाड होऊन वर आला. त्याबरोबर हळदीचा वास. तुमच्यामुळे ते पुन्हा आठवलं.

आता ज्या प्रश्नापासून सुरुवात झाली तिथे येते. ढाण म्हणजे काय, हे भाचीला मी अजून नीट सांगितलेलं नाही. ढाण्या वाघ तेवढा सांगितला. आंबट जिभेवर वाघासारखा उडी मारून येतो, असं ती समजली आणि मी ते खोडलं नाही.

तिनं मात्र पुढचा प्रश्न काढला. गोडाला मिट्ट, आंबटाला ढाण, तिखटाला जाळ, कडूला जहर, मग तुरटाला काय? आमच्या घरात तुरटाला शेपटी नव्हती. काल अर्धकच्ची जांभळं खात ती ओसरीवर बसली होती. एकदम म्हणाली, "तुरटखर्र."

खर्र का गं, म्हणून विचारलं. तिनं जीभ टाळूवर घासून दाखवली. मीही एक जांभूळ तोंडात टाकलं.