उताऱ्यावर बहिणींची नावे नाहीत; रस्त्याकडचे वीस गुंठे घ्यावेत का?

प्रश्न: उद्यमबागचा कारखानदार

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये माझे मशीनिंगचे छोटे वर्कशॉप आहे. स्वतःची जागा असावी म्हणून वर्षभर शोध घेतल्यावर खानापूर रस्त्याकडच्या एका गावातील वीस गुंठे ठरत आले आहेत. मूळ सर्व्हे नंबर दोन एकरांचा असून मला दाखवलेला तुकडा रस्त्याला लागून आहे.

आरटीसी उताऱ्याच्या (कर्नाटकातला सातबारा म्हणा) नवव्या, म्हणजे मालकाच्या नावाच्या रकान्यात दोन भावांचीच नावे आहेत. जमीन त्यांच्या आजोबांपासूनची आहे. वडील 1998 मध्ये वारले, 2001 मध्ये भावांनी वर्दी (महसूल खात्याकडे नोंदीसाठीचा अर्ज) देऊन आपली नावे लावून घेतली आणि आई 2015 मध्ये गेल्या. चहा घेताना सहज विषय निघाला तेव्हा समजले की त्यांना दोन बहिणीही आहेत. थोरलीचे लग्न 1988 मध्ये होऊन ती चंदगड तालुक्यात आहे, तर धाकटी 1997 मध्ये गडहिंग्लजला दिली. भावांचे म्हणणे असे की दोघींना लग्नात सोने घातले आहे, त्या आता महाराष्ट्रात राहतात आणि इथल्या जमिनीशी त्यांचा संबंध उरलेला नाही.

एजंटाचा आग्रह आहे की सध्या दहा लाख संचकार (बयाणा) देऊन शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, म्हणजे बाँडवर, लिहून घ्यावे, ताबा घ्यावा आणि जमीन एनए (बिगरशेती) झाल्यावर खरेदीखत करावे. उताऱ्यावर नाव नसलेल्या बहिणींची सही खरोखरच लागते का, आणि बाँडवर घेतलेला ताबा किती सुरक्षित असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: दिवाणी वकील, बेळगाव

आपण पैसे देण्याआधी विचारलेत, हे बरे झाले. माझ्याकडे बहुतेक लोक समन्स हातात घेऊनच येतात.

उताऱ्यावरील नाव हे महसूल गोळा करण्याच्या सोयीसाठी असते. त्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि नाव नसल्याने ती जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. तेव्हा उताऱ्यावर कोण आहे याच्या आधी वारस कोण आहेत हे पाहावे लागते.

आता बहिणींविषयी. कर्नाटकाने 1994 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार, केले, परंतु 30 जुलै 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. त्या हिशेबाने धाकटी आत येते आणि थोरली बाहेर राहते. भावांना कोणीतरी हाच जुना हिशेब सांगितला असावा. मात्र 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्रीय दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची ती अट गेली. पुढे 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्मानेच असतो आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणून 1988 मध्ये लग्न झालेली आणि 1998 मध्ये वडील गमावलेली थोरली बहीणही भावांच्या बरोबरीची हिस्सेदार ठरते. ही जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असती आणि मृत्युपत्र नसते, तरी त्यांच्या पश्चात ती पत्नी आणि चारही मुलांकडे समान गेली असती. आज आईही हयात नसल्याने दोन्ही प्रकारे हिशेब एकच येतो: प्रत्येकी पाव हिस्सा, म्हणजे वीस गुंठे.

भाऊ 2001 च्या वर्दीकडे बोट दाखवतील, कारण 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या वाटणीला कायद्याने संरक्षण दिले आहे. परंतु ती वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते आणि तोंडी वाटणी सरकारी कागदपत्रांच्या भक्कम आधारावर केवळ अपवाद म्हणूनच मानली जाते. ज्या वर्दीवर बहिणींची सही किंवा अंगठा नाही, ती त्यांच्यावर बंधनकारक आहे असे म्हणणे फार कठीण जाईल. लग्नात घातलेल्या सोन्याने हिस्सा फिटत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या दृष्टीने खरा धोका कोठे आहे तो पाहा. दोन भावांचा मिळून चाळीस गुंठ्यांवर हक्क आहे आणि आपण वीसच घेत आहात, म्हणून पैसे सगळेच बुडतील असे नाही. पण आपण विकत घ्याल तो अविभक्त, म्हणजे अजून वाटणी न झालेला, हिस्सा. बहिणींनी वाटणीचा दावा लावला तर न्यायालय शक्यतो विकलेला तुकडा विकणाऱ्याच्या वाट्याला टाकण्याचा विचार करते, मात्र रस्त्याकडचीच जमीन आपल्याला मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ज्या वीस गुंठ्यांसाठी आपण रस्त्याचा भाव मोजला, ते ओढ्याकडच्या बाजूला निघाले तर वर्कशॉपला काय उपयोग? दावा जमीन जिथे आहे तिथल्याच न्यायालयात चालतो, त्यामुळे बहिणी महाराष्ट्रात राहतात याने हक्कात काही फरक पडत नाही. त्यांना तारखेला इकडे यावे लागेल, एवढेच.

बाँडविषयी थोडक्यात लिहितो. ताब्यासह केलेला करार 24 सप्टेंबर 2001 पासून नोंदणीकृत नसेल तर त्या ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53-अ चे संरक्षण मिळत नाही. शिवाय कर्नाटकात ताबा देणाऱ्या करारावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते. शंभराचा बाँड न्यायालयात पुरावा म्हणून पुढे केला की तो अडकवला जातो आणि कमी पडलेल्या शुल्काच्या दहापट दंड बसू शकतो. असा बाँडवरचा व्यवहार ईसीमध्ये (नोंदणी झालेल्या व्यवहारांचा दाखला) येत नसल्याने तीच जमीन उद्या दुसऱ्याला विकली गेली, तर त्या खरेदीदाराला आपला व्यवहार कागदावर दिसणारही नाही.

उत्तर 2: निवृत्त सर्व्हेअर, निपाणी

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी जमिनीवरचे सांगतो. सर्व्हे नंबरातील एक भाग विकायचा असेल तर आधी 11-ई नकाशा लागतो, आणि त्यासाठी मोजणी होऊन आपले वीस गुंठे कागदावर नेमके आखले जातात. एजंटाने चुन्याने आखून दाखवलेली रेघ म्हणजे मोजणी नव्हे. मोजणीच्या वेळी बांधाच्या शेजाऱ्यांना नोटीस जाते, आणि माझा अनुभव असा आहे की बहिणीची हरकत असेल तर ती पुष्कळदा याच टप्प्यावर, शेजाऱ्याच्या तोंडून कळते.

दुसरे म्हणजे, 2020 मध्ये भूसुधारणा कायद्यातील 79-अ आणि 79-ब ही कलमे रद्द झाल्याने शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता येते. चंदगडकडच्या नियमांशी याची गल्लत करू नये, कारण महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला अजून लागतो. पण शेतजमीन घेता येणे वेगळे आणि तिच्यावर शेड उभारणे वेगळे. त्यासाठी बिगरशेती परवाना लागतो का, ते जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्यावे. उताऱ्याच्या अकराव्या रकान्यात पीकेपीएसचा (गावच्या कृषी पत्तीन सहकारी संघाचा) किंवा बँकेचा कर्जाचा बोजा आहे का, तेही आताच पाहून घ्या.

उत्तर 3: एक खरेदीदार, वडगाव

मी हीच चूक 2012 मध्ये केली. दस्त कन्नडमध्ये होता, मला कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही, आणि लिहिणाऱ्याने 'सगळे नेहमीचेच आहे' म्हटल्यावर मी सही केली. दोन वर्षांनी विकणाऱ्याच्या बहिणीचा दावा आला, तेव्हा शेजारच्या कन्नड शाळेतील मुलीकडून तो दस्त ओळ न ओळ वाचून घेतला. त्यात पुढे कोणी वारस निघाल्यास नुकसानभरपाई विकणाऱ्याने द्यावी हे कलमच नव्हते, आणि चतुःसीमेत पूर्वेच्या जागी पश्चिम पडली होती. दावा शेवटी तडजोडीत मिटला आणि बहिणीला जे पैसे दिले ते माझ्याच खिशातून गेले. तेव्हा दस्त नोंदणीच्या आदल्या दिवशी घरी आणा आणि कन्नड वाचणाऱ्या, पण व्यवहारात हितसंबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. काल भावांना स्पष्ट सांगितले की बहिणींच्या सहीशिवाय एक रुपयाही देणार नाही. धाकटी सही द्यायला तयार आहे. थोरलीची तब्येत बरी नसल्याने ती चंदगडहून येऊ शकत नाही. तिचे हक्कसोडपत्र चंदगडलाच नोंदवले तर चालेल का?

उत्तर 1: दिवाणी वकील, बेळगाव

नाही. स्थावर मालमत्तेचा दस्त ती मालमत्ता ज्या जिल्ह्यात आहे तिथल्याच उपनिबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो. परंतु थोरल्या बहिणीला आपल्या विश्वासातील व्यक्तीच्या नावे मुखत्यारपत्र करता येईल आणि ते चंदगडच्या उपनिबंधकासमोर प्रमाणित करून घेता येईल. ते इकडे आणल्यावर मुद्रांक शुल्कात फरक पडत असेल तर तो भरावा. मुखत्यार म्हणून विकणाऱ्या भावालाच नेमू नये, एवढा माझा आग्रह राहील.

खरे तर हक्कसोडपत्रापेक्षा दोघी बहिणींनी खरेदीखतावरच विकणाऱ्या म्हणून सह्या केल्या आणि त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात गेली, तर आपल्यासाठी ते अधिक भक्कम होईल. भावांना ही सूचना आवडणार नाही, पण ती मांडून पाहा.