मदत हवी आहे : रेपो दराचा अनपेक्षित धक्का कसा मोजावा?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या गावी राहून पीएचडी करतोय. विषय : रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो) बदलला की शेअर बाजारातली अस्थिरता किती वाढते. गार्च मॉडेल (अस्थिरता काळानुसार कशी बदलते ते मोजणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) बसवलंय, पण घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. नियमित बैठकीतली दरवाढ बाजाराने बरीचशी आधीच धरलेली असते. खरा धक्का 4 मे 2022 चा. बैठक ठरलेली नसताना रेपो 4 वरून 4.40 टक्के झाला. हा अनपेक्षित भाग वेगळा काढायला ओआयएस दरांची (ओव्हरनाइट इंडेक्स्ड स्वॅप, म्हणजे पुढच्या व्याजदरांबद्दल बाजाराचा अंदाज दाखवणारे दर) रोजची आकडेवारी लागते, आणि ती विकत घेणं परवडत नाही. कुणाच्या विद्यापीठात मिळते का, अर्ज कुणाकडे करायचा? की 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाच्या (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्याच्या) परताव्यातला त्या दिवसाचा फरक परीक्षकांना चालेल? इथे वीज गेली की नेटही जातं, उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.