कमोडच्या टाकीला तडा गेलाय, जोडू की बदलू?

सोनटक्का:

नमस्कार. नाशिकरोडला राहते, तिसरा मजला, इमारत 2004 सालची. घरात आई आणि मी. आई 78 वर्षांची आहे आणि मागच्या वर्षी तिचा उजवा गुडघा बदललाय. टॉयलेट एकच आहे, त्यात भांड्यावरच टाकी बसते तसलं आयव्हरी रंगाचं कमोड आहे, इमारतीएवढंच जुनं.

पंधरा दिवसांपूर्वी कमोडच्या मागची फरशी ओली दिसायला लागली. पाऊस लागलेला, हवा दमट, टाकीला घाम सुटला असेल म्हणून मी पुसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून वाकून बघितलं, तर टाकीच्या तळाशी डाव्या बोल्टपाशी सुरू होऊन पुढच्या बाजूला तिरकी वर चढणारी केसाएवढी रेघ दिसली. पट्टी लावली, 9 सेंटिमीटर भरली. बोट फिरवलं तर बोटाला काहीच लागत नाही, पण बोट ओलं होतं.

रात्री साडेदहाला श्रीखंडाचा रिकामा डबा खाली ठेवला आणि सकाळी साडेसहाला मापाच्या पेल्यात ओतला. 200 मिली. म्हणजे दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर.

दोन प्लंबर येऊन गेले. पहिला म्हणाला, व्हाइट सिमेंट आणि एम-सील भरून देतो, चारशे रुपये, दोन वर्षं बघायला नको. दुसऱ्याने टाकीला हातसुद्धा लावला नाही. दारातूनच म्हणाला, पूर्ण कमोड बदला, खालच्या टाइल्स फुटणार, सगळं मिळून चौदा हजार. एकीकडे चारशे, दुसरीकडे चौदा हजार. मधे काहीच नसतं का?

पैशांपेक्षा मला काळजी आहे ती रात्रीची. आई रात्री दोनदा उठते, भिंत धरत धरत जाते. तिथे ओली फरशी मला नको आहे. पायपुसणं टाकलं होतं, पण तेच सरकायला लागलं म्हणून काढून टाकलं. सध्या मी गजर लावून उठते, फरशी कोरडी करते आणि मग तिला जाऊ देते. असं किती दिवस चालणार?

मला एवढंच सांगा, हा तडा जोडण्यासारखा आहे का? आणि नसेल तर नुसती टाकी बदलता येते का?

पाऊसपाणी:

ताई, घाबरू नका. माझ्याकडेही टाकीला चीर गेली होती. टाकी रिकामी करून दोन दिवस उघडी वाळवली, ॲराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात कालवून आतून-बाहेरून भरलं आणि पुढचा पूर्ण दिवस पाणी घेतलं नाही. तीन वर्षं झाली, थेंब नाही. मात्र नीट वाळवायला लागतं. ओल राहिली तर ते गुळगुळीत चिनीमातीला धरतच नाही, पापुद्र्यासारखं सुटून येतं. त्या चारशेवाल्याला तेवढा धीर नसणार, तो त्याच दिवशी पाणी सोडून पुढच्या घरी जाईल. तुम्ही स्वतः करा.

पेठेतला दुकानदार:

पाऊसपाणी, तुमची चीर कुठे होती ते सांगाल का? वरच्या काठाला, झाकणाजवळ असेल तर तुमचं बरोबर आहे. पाण्याच्या रेषेच्या वर तडा असेल किंवा झाकण तडकलं असेल, तर ॲराल्डाइट वर्षानुवर्षं टिकतं. तिथे पाणीही नाही आणि ताणही नाही.

सोनटक्काताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. सॅनिटरीच्या दुकानात बसून मला 26 वर्षं झाली, बोल्टपासून निघालेल्या रेघा भरपूर बघितल्यात. तुमची टाकी दोन बोल्टांनी भांड्यावर आवळून बसवलेली आहे. मधल्या जाड रबरावर ती दाबून बसावी म्हणून हे दोन बोल्ट तिला सतत खाली ओढत असतात. टाकीत पाणी असो वा नसो, ती ओढ चोवीस तास चालू. टाकीतलं पाणी फार तर वीतभर उंचीचं, त्याचा दाब असा काय असणार? रेघ पुढे नेतो तो बोल्टचा ताण. तुम्ही वरून काहीही भरलंत तरी खालून ओढणारा बोल्ट तिथेच राहणार. म्हणून तुमची रेघ जोडण्यासारखी नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, घरी तीन गोष्टी करून बघा.

टाकीत चिमूटभर नीळ टाका, कपड्यांची. खालच्या डब्यात निळं पाणी आलं तर ते टाकीतलं, बिनरंगी आलं तर घाम. ही चिनीमाती पक्की भाजलेली असते, स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. म्हणजे रेघेतून निळं पाणी बाहेर आलं की तडा आरपार आहे असं समजायचं. नुसत्या वरच्या चकाकीला पडलेल्या बारीक जाळीतून पाणी येत नाही.

मग टाकी रिकामी करा आणि बोटाच्या पेराने वाजवून बघा, बाजारात माठ वाजवून घेतो तशी. उजवीकडे खणखणीत आवाज येईल. डावीकडे बद्द आला तर तडा दिसतो त्याहून आत गेलेला आहे.

आणि रेघेच्या टोकाला मार्करने खूण करून तारीख घाला. चार दिवसांनी बघा.

तोवर एक काम आजपासूनच करा. टाकीच्या बाजूला भिंतीवर टाकीला पाणी देणारा जो छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक आहे, तो रात्री झोपताना बंद करा आणि एकदा फ्लश ओढून टाकी रिकामी ठेवा. रात्रीपुरती बादली भरून ठेवा. भांड्यात पाच-सहा लिटर पाणी एका दमात ओतलं की फ्लशइतकंच काम होतं. आईंना बादली उचलायला लावू नका, त्यांनी तसंच परत यावं, पाणी तुम्ही सकाळी टाका.

फोंडेकर:

वरची अँगल कॉकची गोष्ट मनावर घ्या, कळकळीने सांगतो. आमच्याकडे अशीच रेघ होती, मी वरून सिलिकॉन मारून विसरलो. चवथीला पाच दिवस गावच्या घरी गेलो आणि मागे टाकीचा तळ सुटला. टाकी फुटली की तिच्यातलं आठ-दहा लिटर पाणी सांडून विषय संपत नाही. पाणी उतरल्यावर आतला फ्लोट खाली जातो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि वरच्या टाकीतलं पाणी येतच राहतं. कोणीतरी जाऊन कॉक फिरवेपर्यंत. आमच्या घराला कुलूप होतं. खालच्यांच्या छताचं प्लॅस्टर पडलं. सणाच्या दिवसांत ते लोक बिचारे बादल्या लावून बसले होते. मी भरपाई दिली, पण त्यांच्या म्हातारबांची खाट ज्या कोपऱ्यात असायची तिथेच तो ढिगारा पडला होता, हे मला अजून विसरता येत नाही. नशीब, ते त्या वेळी बाहेर बसले होते.

सोनटक्का:

सगळ्यांचे आभार. दुकानदारदादा, तिन्ही करून बघितलं.

नीळ टाकली, सकाळी डब्यात आकाशी पाणी. वाजवून बघितलं, उजवीकडे घंटेसारखं, डावीकडे अगदी बद्द. आई बाहेरून ऐकत होती, तिनेच आधी ओळखलं. "अगं, हा माठ परत कर," म्हणाली. आणि मार्करची खूण. चार दिवसांत रेघ तिच्या पुढे गेली. 9 ची साडेनऊ झाली.

मागच्या दिवाळीआधी फ्लश नीट होत नव्हता म्हणून आतला व्हॉल्व्ह आणि वायसर बदलून घेतले होते. तेव्हा त्या माणसाने लांब पाना लावून बोल्ट करकचून आवळले होते, टाकी कुरकुरल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला होता. हे त्याचंच असेल का? शिवाय मी टाकीत त्या कमोड स्वच्छ ठेवायच्या वड्या टाकते, त्याने काही होतं का?

जोडायचा विचार आता सोडला. नुसती टाकी मिळेल का तेवढं सांगा.

पेठेतला दुकानदार:

तो कुरकुरल्याचा आवाज हेच कारण असणार. त्या दिवशी कदाचित नखाएवढी चीर पडली असेल आणि इतके महिने पुढे सरकत आली असेल. वड्या चिनीमातीचं काही बिघडवत नाहीत, पण त्यांच्यातल्या औषधाने आतलं रबर कडक पडतं. मग ते गळायला लागतं, माणूस बोल्ट अजून आवळतो आणि टाकी तडकते. म्हणून वड्या बंद करा.

आता टाकीचं. भांडं धड असेल तर नुसती टाकी बदलता येते, पण कुठलीही टाकी कुठल्याही भांड्यावर बसत नाही. जुनी काढली की दोन बोल्टांच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा, मधल्या मोठ्या भोकाचा व्यास मोजा, आणि भांड्याच्या ज्या पट्टीवर टाकी टेकते तिची लांबी-रुंदी घ्या. तीन मापं आणि समोरून, बाजूने असे दोन फोटो. कंपनीची खूण टाकीच्या झाकणाखाली किंवा आतल्या मागच्या भिंतीवर असते. 2004 चं मॉडेल आता बनत नसणार, पण जुन्या दुकानांच्या माळ्यावर माल पडलेला असतो. नव्या चकचकीत शोरूममध्ये जाऊ नका, ते तुम्हाला पूर्ण सेटच विकतील. रंगाचा हट्ट धरू नका, आयव्हरी मिळणं अवघड आहे.

भिंतीवरची प्लॅस्टिकची टाकी लावून पाइपने या भांड्याला जोडतो, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. तुमच्या भांड्याचं तोंड वर आहे, त्या जोडातून गळत राहतं. टाकी मिळालीच नाही तर मग पूर्ण कमोड. पण आणण्याआधी आउटलेट फरशीत जातं की भिंतीत ते बघा, फरशीत जात असेल तर मागच्या भिंतीच्या टाइलपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन बोटांचा फरक पडला की फरशी फोडावी लागते.

बसवताना तुम्ही स्वतः उभ्या राहा. बोल्टच्या डोक्याखाली, टाकीच्या आतल्या बाजूला रबराचा वायसर हवाच, लोखंड थेट चिनीमातीला टेकता कामा नये. बोल्ट पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या. डावा अर्धा फेरा, उजवा अर्धा फेरा, असं आळीपाळीने. टाकी डुलायची थांबली की पाना खाली ठेवायचा. मग टाकी भरून तासभर थांबा आणि बोल्टखाली कोरडा टिशू लावून बघा. ओला आला तर अजून पाव फेरा, त्याच्या पुढे नाही.

पाऊसपाणी:

दुकानदारकाका, आत्ता जाऊन बघितलं. माझी चीर खरंच वरच्या काठाला आहे, पाण्याच्या चार बोटं वर. सोनटक्काताई, माझ्या सल्ल्यावर गेला नाहीत ते बरं झालं.

सोनटक्का:

टाकी बदलून आज सहा दिवस झाले, म्हणून लिहितेय.

बोल्टचं अंतर 15 सेंटिमीटर निघालं. जुन्या नाशकात तीन दुकानं फिरले. पहिल्या दोघांनी फोटो बघूनच मान हलवली. तिसऱ्या दुकानातल्या आजोबांनी पोराला माळ्यावर चढवलं आणि गवतात गुंडाळलेली एक टाकी खाली आली. त्याच कंपनीची, पण पांढरी. त्यांनी माझ्यासमोर पट्टी लावून दाखवली आणि मी न सांगता सगळ्या बाजूंनी वाजवून दाखवली. टाकी, आतला व्हॉल्व्ह, नवं रबर आणि पितळी बोल्ट मिळून तीन हजार शंभर. बसवायचे सहाशे.

बसवायला आलेला मुलगा विशीतला होता. मी अर्ध्या फेऱ्याचं सांगितल्यावर चिडला नाही. पाना बाजूला ठेवून आधी हातानेच नट फिरवले, मग डावा-उजवा करत आवळले. पहिल्यांदा टिशूला उजवीकडे ओल लागली, त्याने पाव फेरा दिला, मग कोरडा. जुना बोल्ट काढला तेव्हा त्याच्याखाली रबर नव्हतंच, पत्र्याची चकती थेट टाकीवर बसलेली होती आणि तिथून रेघ निघालेली स्वच्छ दिसत होती. मी फोटो काढून ठेवलाय.

आयव्हरी भांड्यावर पांढरी टाकी वेगळी दिसते हे खरं. आईला विचारलं, तर म्हणाली की रात्री अंधुक उजेडात पांढरी टाकी बरी, लगेच दिसते. भिंतीला धरायला दांडाही याच फेरीत लावून घेतला. तो मुलगाच म्हणाला, आजींना लागेल.

डबा अजून खाली ठेवते. रोज सकाळी आत बोट फिरवून बघते, कोरडा असतो. गजर बंद केलाय.

जुनी टाकी उचलताना तळ हातातच दुभंगला. कडा ब्लेडसारख्या आहेत, मुलाच्या हातात जाड मोजे होते म्हणून निभावलं. तुकडे दोन गोण्यांत घालून तोंड बांधलं, वर मोठ्या अक्षरात "धारदार, जपून" लिहिलं आणि घंटागाडीवाल्या दादांना आधी सांगून त्यांच्या हातात दिलं.