पाइनवर बसलेला क्रौंच

जपानी चित्रांत पाइनच्या फांदीवर बसलेला क्रौंच नेहमी दिसतो. कुणी म्हणतं की तो म्हणजे दीर्घायुष्याच्या दोन खुणा एकत्र आणण्याची चित्रकाराची सोय. ते बरोबरच आहे. जपानी समजुतीप्रमाणे क्रौंच हजार वर्षं जगतो, कासव दहा हजार, आणि पाइन तर बारमाही हिरवा. पण एक गोष्ट राहून गेली. तांचो, म्हणजे डोक्यावर लाल ठिपका असलेला जपानी क्रौंच, झाडावर बसतच नाही. त्याचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं असतं, त्यामुळे फांदी पकडता येत नाही. घरटंही दलदलीतल्या बोरूत, जमिनीवर. उंच पाइनवर घरटं करतो तो करकोचा: पांढरं अंग, काळे पंख, लांब पाय. दुरून पाहिलं तर गल्लत होणारच, आणि या चित्रप्रकारामागे तीच गल्लत असावी असं बऱ्याच जणांचं मत आहे. मला ते पटतं. चोच आणि माथा तेवढा बघा: करकोच्याची चोच जाड काळी, डोकं पूर्ण पांढरं. चित्रात मात्र लाल माथा हमखास असतो.

मला खरी हळहळ वाटते ती याची, की चित्रांत हजार वर्षं जगणाऱ्याला ज्यानं आपली फांदी दिली, तो करकोचा १९७१मध्ये जपानच्या रानातून संपला. जपानमधल्या तोयोओका शहरात पिंजऱ्यात पिल्लं वाढवून २००५पासून ते पुन्हा मोकळे सोडायला लागले. आता तिथल्या भातखाचरांत ते परत दिसतात.