तेर, अंबाजोगाई, औंढा: पाच दिवसांत दक्षिण मराठवाडा कसा पाहावा?

मुलुंडकर

नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्हाला पाच दिवसांची सुट्टी मिळते आहे. वेरूळ, अजिंठा आणि पैठण आमचे दोनदा पाहून झाले आहे. धाराशिव, लातूर आणि बीड या भागाशी मात्र आमचा संबंध आजवर फक्त तुळजापूरच्या कुलाचारापुरता आला. सकाळी दर्शन घ्यायचे आणि दुपारी मुंबईची वाट धरायची, असे वर्षानुवर्षे चालले आहे. त्या रस्त्यावर किती प्राचीन स्थळे मागे राहतात हे अलीकडे वाचल्यापासून या वेळी घाई करू नये असे आम्ही ठरवले आहे.

सोबत माझी 71 वर्षांची आई आणि नववीत शिकणारी मुलगी असेल. मुलीला इतिहासाची मनापासून आवड आहे. आईला देवदर्शन हवे आहे, पण गुडघ्यांमुळे फार पायऱ्या चढवत नाहीत. तुळजापूर, धाराशिवची लेणी, तेर, नळदुर्ग, परांडा, खरोसा, अंबाजोगाई, परळी, औंढा नागनाथ आणि नांदेड अशी आमची यादी झाली आहे. यातले काय गाळावे, आणि एसटीने फिरणे जमेल की गाडीच ठरवावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बालाघाट

माझे आजोळ लातूरचे आहे आणि नोकरीनिमित्त मी तीस वर्षे पार्ल्यात राहतो, त्यामुळे हा प्रवास मी अनेकदा केला आहे. आपल्या यादीतली दहा ठिकाणे पाच दिवसांत उरकता येतील, पाहता येणार नाहीत. नळदुर्ग आणि परांडा हे दोन्ही किल्ले एखाद्या पावसाळ्यानंतरच्या सहलीसाठी राखून ठेवा. नळदुर्गचा पाणीमहाल तर बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असतानाच पाहावा. नांदेडही या वेळी नको. इ.स. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, त्या सचखंड गुरुद्वाऱ्यासाठी वेगळा दिवस हवा, आणि तिकडे गेलात की कंधारचा राष्ट्रकूटकालीन किल्ला आणि देगलूरजवळचे होट्टलचे चालुक्य मंदिर पाहिल्याशिवाय परतू नये.

मुंबईहून रात्रीच्या लातूर गाडीने निघून सकाळी धाराशिवला उतरावे. दोन मुक्काम धाराशिवला, एक अंबाजोगाईला आणि एक औंढा किंवा हिंगोलीला करावा, आणि परभणीहून नांदेडकडून येणारी गाडी धरून मुंबईला परतावे, म्हणजे आलेल्या वाटेनेच उलटे जावे लागत नाही. एसटी सर्वत्र जाते आणि ज्येष्ठांना सवलतही मिळते, पण आईंचा विचार करता धाराशिवपासून परभणीपर्यंत गाडी ठरवणेच बरे. तेर आणि खरोसा या गावांहून परतीच्या बसची वाट पाहण्यात दिवसाचा चांगला भाग जातो.

गिरगावातील निवृत्त शिक्षक

बालाघाट यांनी मार्ग उत्तम आखून दिला आहे. मी फक्त तेरविषयी लिहितो, कारण लोक तिथे तासभर थांबतात आणि "पडक्या विटा आहेत" असे सांगत परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या बरोबरीने त्याचे नाव येते. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर आहे आणि तिथले कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेतात, असे त्यात लिहिले आहे. त्याच ग्रंथात सोपारा आणि कल्याण यांचीही नावे आहेत. आपल्या मुलीला हे निघण्यापूर्वीच सांगा, आणि जमल्यास एखाद्या रविवारी नालासोपाऱ्याचा स्तूप दाखवून आणा, म्हणजे किनारा आणि घाटमाथ्यापलीकडची पेठ यांचे नाते तिच्या मनात आपोआप जुळेल.

तेरमध्ये त्रिविक्रम मंदिरासमोर जरा वेळ उभे राहा. ते विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार आहे. कार्ले किंवा कान्हेरीच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, जो आकार डोंगराच्या पोटात कोरलेला दिसतो, तोच इथे मोकळ्या जमिनीवर बांधलेला आहे. असे बांधीव चैत्याकार आज फारच थोडे उरले आहेत, आणि हा आकार उरला तो आत विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा चालू राहिली म्हणून, असे मला वाटते. उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच आहे, आणि त्याची नक्षीदार लाकडी द्वारशाखा, म्हणजे दाराची चौकट, गावातल्या सरकारी संग्रहालयात ठेवली आहे. हे संग्रहालय कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिले. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती हाताच्या बोटांएवढीच लहान आहे, पण इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी तिचे साम्य आहे. मातीचे दिवे आणि मृण्मूर्तीही सावकाश पाहाव्यात. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून तेरचा दिवस सोमवारी येऊ देऊ नका.

याच गावात संत गोरोबाकाकांची समाधी आहे. देवळे विटांची, दिवे आणि मूर्ती भाजलेल्या मातीच्या, आणि गावाचा संत कुंभार, असे हे सगळे मातीतून घडलेले गाव आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपल्या आईंना ठाऊक असेलच. ती त्यांनी समाधीपाशी बसून नातीला सांगावी.

विसोबांची वाट

गुरुजींनी कथेचा पूर्वार्ध सांगितला, उत्तरार्ध औंढ्याला आहे. कच्चे ठरलेले नामदेव गुरूच्या शोधात नागनाथाच्या देवळात आले, तेव्हा पुढे त्यांचे गुरू झालेले विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले होते, आणि ते पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंड दिसू लागली. म्हणून तेर ते औंढा ही वाट मला एका अखंड कथेसारखी वाटते, आणि शक्य असल्यास हिंगोलीजवळचे नर्सी नामदेव त्यात जोडावे, असे मी सुचवेन.

आईंच्या गुडघ्यांविषयी मात्र सांगायलाच हवे. औंढ्याचे गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे आणि अरुंद तोंडातून वाकून, उंच पायऱ्यांनी उतरावे लागते. गर्दीच्या दिवशी त्यांना उतरवू नका, सभामंडपातूनच हात जोडू द्या. त्याऐवजी देवळाला बाहेरून पूर्ण फेरी घाला. खालचा तारकाकृती भाग काळ्या दगडाचा आणि मूर्तींनी भरलेला आहे, तर वरचा भाग नंतर विटाचुन्यात उभारलेला आहे, आणि दोन काळांतला हा सांधा उघड दिसतो. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले म्हणून नंदी मागच्या बाजूला आहे, असे तिथे सांगतात.

अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनानंतर हत्तीखान्याची लेणी आणि मुकुंदराजांचे समाधिस्थान पाहा. शके 1110 मधला 'विवेकसिंधु' हा मराठी ग्रंथ त्यांचा. संतकवी दासोपंतांची पासोडी पाहायला मिळावी म्हणून आधी चौकशी करून ठेवा. सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांविषयीचा वेदान्तविचार, लिहिले आहे, आणि कागदाऐवजी पांघरायचे वस्त्र निवडणाऱ्या त्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो. खरोसा या वेळी वगळले तरी चालेल. तिथला जांभा दगड झिजल्याने मूर्ती ओळखायला सोबत जाणकार लागतो.

मुलुंडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नळदुर्ग, परांडा, खरोसा आणि नांदेड आम्ही यादीतून काढले आहेत. पहिल्या दिवशी तुळजापूर आणि धाराशिवची लेणी, दुसरा पूर्ण दिवस तेर, मग अंबाजोगाई आणि परळी, आणि शेवटी औंढा व नर्सी असे ठरले आहे. लेण्यांकडची चढउतार आईला झेपणार नाही, म्हणून ती गाडीपाशी थांबेल आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातल्या जैन तीर्थंकर पार्श्वनाथांचे वर्णन तिला नात परतल्यावर करून सांगेल. सोपाऱ्याला आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत.